नवी प्रणाली, जुने दप्तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत सरली, आणि मोडी कागदांची छायाचित्रे, त्यांची बाळबोध लिपीत केलेली लिप्यंतरे व त्यांच्या आधाराने लिहिलेले लेख अशी माझी सारी मिळकत ज्या संगणकावर आहे त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. माझे यंत्र त्या अटींत बसणारे नव्हते. परंतु त्याची प्रकृती ठणठणीत होती, त्याच्या कळफलकाशी माझी बोटे एकजीव झालेली होती, आणि चालते यंत्र केवळ मुदत टळली म्हणून भंगारात धाडावे हे मनाला मानवेना. तेव्हा पुष्कळ विचारांती, यंत्र तेच ठेवून कार्यप्रणाली बदलावी असे मी ठरवले.

निवड झाली ती लिनक्स मिंटची, आणि तीही माझ्या भाचीच्या सल्ल्याने. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आपल्या प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला, आणि तेव्हापासून परस्परांना कधीही न भेटलेल्या असंख्य माणसांनी त्यात भर घातली. २००६ साली सुरू झालेली मिंट ही त्याच वंशातली, विंडोजवरून येणाऱ्यास परके वाटू नये अशा बेताने घडवलेली शाखा. "मामा, लगेच काही पुसू नका," भाची म्हणाली, "आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. छपाई होते का, आवाज येतो का, मराठी नीट दिसते का ते तपासा, आणि मगच ठरवा." संगणकातील डिस्कला स्पर्शही न करता सबंध प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहण्याची ही मुभा मला फार मोलाची वाटते, कारण जन्मभर जमवलेले कागद ज्याच्या ओटीत घालावयाचे त्याची पारख आधी करता येणे यासारखे दुसरे आश्वासन नाही. माझी कसोटी एकच होती. एक लांबलचक लिप्यंतर उघडले, जोडाक्षरे सुघड उमटलेली पाहिली, आणि माझा निर्णय झाला.

नव्या घरी पहिली अडचण आली ती पत्त्याची. विंडोजमध्ये डिस्कच्या भागांना सी, डी अशी अक्षरे असतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीच्या खणांसाठी राखलेली होती, आणि फ्लॉपी लयास जाऊन इतका काळ लोटला तरी मोजणी सी पासूनच सुरू होते. लिनक्समध्ये अशी अक्षरे नाहीत. तेथे एकच मूळ असून त्यातून सर्व शाखा फुटतात. आपण लावलेला पेन ड्राइव्हदेखील त्याच वृक्षाच्या एका फांदीवर येऊन बसतो, आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्यात 'होम' नावाची स्वतःची जागा मिळते. माझे कागद "डीमध्ये आहेत" असे म्हणण्याची जी सवय जडली होती, ती येथे निरुपयोगी झाली, आणि कागद कोणत्या खणात आहे यापेक्षा तो कोणत्या कामाचा आहे हे सांगता येणे अगत्याचे ठरले. या सक्तीबद्दल मी त्या रचनेचा मनापासून कृतज्ञ आहे.

कारण खरी गर्दी होती ती डेस्कटॉपवर. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला, आणि तेथल्याच विचारांतून १९८१ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टारने कचेरीतील मेजाचे रूप पडद्यावर आणले: कागद, फोल्डर, टपालाची पेटी, सारे चित्ररूपाने समोर मांडलेले. विंडोज ९५ ने पुढे हेच रूप घरोघर नेले. मेज ही हातातल्या कामाची जागा, संग्रहाची नव्हे, हे त्या मूळ कल्पनेतच गृहीत होते. परंतु पडद्यावरच्या मेजावरून कागद खाली पडत नाहीत, वाऱ्याने उडत नाहीत, त्यामुळे ते तेथेच साठत जातात, आणि माझ्या पडद्यावर तर पार्श्वभूमीचे चित्र दिसेनासे होण्याइतकी चिन्हे एकावर एक चढली होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात बसून काम केलेल्या माणसाला हे विशेष खटकावे असे होते. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ज्या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, त्यातले कागद अजूनही कापडी रुमालांत बांधलेले असतात, आणि रुमालाचा क्रमांक ठाऊक असेल तर हवा तो कागद हाती येण्यास विलंब लागत नाही.

व्यवस्था लावताना मी आधार घेतला तो जुन्या हिशेबी पद्धतीचा. पेढीवर दिवसभरातील व्यवहार घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरवीत, आणि मग तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती नेऊन घालीत. डेस्कटॉप ही माझी कीर्द आणि होममधील फोल्डर ही खतावणी, असे मी ठरवले. दिवसभरात जे छायाचित्र येईल, जे टिपण होईल, ते डेस्कटॉपवर बेलाशक राहावे, परंतु आठवडा संपण्यापूर्वी ते आपल्या खाती गेलेच पाहिजे. खाती मी विषयवार पाडली नाहीत, कारण एकच पत्र महसुलाचे, कौटुंबिक आणि लष्करी अशा तिन्ही बाबींचे असू शकते. ती पाडली प्रांतवार, आणि प्रांताच्या पोटात कालानुक्रमे.

कालानुक्रम साधणे मात्र सोपे नव्हते. मोडी पत्रांत बहुधा सुहूर सन असतो, आणि त्यासोबत मुसलमानी महिन्याचा चंद्र. 'सन समान अशरीन मया व अलफ' म्हणजे सुहूर ११२८, आणि मृगापासून सुरू होणाऱ्या त्या वर्षात ५९९ मिळवले म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंतचा व ६०० मिळवले म्हणजे त्यापुढच्या महिन्यांचा इसवी सन येतो, अर्थात १७२७-२८. संगणक नावे लावतो ती अक्षराच्या आणि अंकाच्या क्रमाने, म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात आधी इसवी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एकेरी महिन्यापूर्वी शून्य, असा दंडक मी घातला; मूळ सन नावाच्या अखेरीस ठेवला. ज्याची तारीख लागत नाही असे कागद 'बेतारीख' या फोल्डरात आहेत, आणि त्यांची संख्या कमी होताना पाहणे हा या वर्षातला माझा सर्वांत निर्भेळ आनंद आहे.

या स्थलांतरात एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. सर्व फोल्डर नव्या प्रणालीत उतरल्यावर पाहतो तो 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी उभे! एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर कोणतीही प्रणाली राहू देत नाही, आणि डोळ्यांना तर त्या नावांत तिळमात्र फरक दिसेना. भाचीने दोन्ही नावांची अक्षरे सुटी करून तपासली तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये मराठीचा हा अर्धा र दोन मार्गांनी लिहिला जातो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. इनस्क्रिप्ट कळफलकावर मी लिहितो तेव्हा पहिला मार्ग पडतो. रोमन अक्षरांवरून देवनागरी करून देणाऱ्या ज्या साधनाने मी पूर्वी काही काळ लिहीत होतो, त्याने दुसरा पत्करला होता. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी गावे. एका वऱ्हाडात शोध घेतला की दुसऱ्यातली पत्रे सापडत नव्हती, आणि भोसल्यांच्या नागपूरकडील जो पत्रव्यवहार मी हरवला असे समजून चाललो होतो तो या दुसऱ्या वऱ्हाडात निर्धास्त पडून होता. मऱ्हाटी, कुऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, ज्या ज्या नावात हा र आला ती सारी मी एकाच मार्गावर आणली. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या संग्रहात हा शोध एकदा अवश्य घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लिनक्स रोमन लिपीतल्या मोठ्या आणि लहान अक्षरांत भेद मानते, म्हणून तशा नावांची गफलत होण्याचा संभव असतो. आपल्या लिपीत तो भेदच नसल्याने देवनागरी नावांना ती बाधा होत नाही. इनस्क्रिप्टची मांडणी प्रणालीत आधीपासूनच होती, केवळ कळफलकांच्या यादीतून निवडावी लागली. टाइमशिफ्ट नावाचे साधन प्रणालीच्या स्थितीची प्रत ठेवते, परंतु होममधील कागद मुळात तिच्या कक्षेबाहेर असतात. त्यांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे हे आपल्यालाच पाहावे लागते.

सध्या हाती आहेत ते युनिकोडपूर्व काळातले लेख. त्या वेळच्या फॉन्टांत देवनागरी आकृतीच्या आड रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर लेखाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. रूपांतर करणारी साधने मिळतात आणि त्यांनी मजकूर बव्हंशी शुद्ध उतरतो, पण ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराकडे सरकते आणि रफार कधी गळतो, म्हणून प्रत्येक पान छापील अंकाशी ताडून पाहणे प्राप्त होते. सातारा प्रांताचे लेख झाले, वऱ्हाडचे चालू आहेत. रूपांतरानंतर मूळ फाइली काढून टाकाव्यात असे भाचीचे मत पडते. मी त्या 'अस्सल' या फोल्डरात ठेवत आहे, कारण नकल कितीही काळजीपूर्वक केलेली असली तरी शंका आली म्हणजे ताळा अस्सलाशीच घ्यावा लागतो.