यलोजॅकेटचं वजन

चंदगड

चि. बाळास,


अणूंमधलं अंतर कमी केलं तर माणूस खरंच मुंगीएवढा होईल का, असं तू विचारलंस, ते फार आवडलं. २०१५ सालच्या ‘अँट-मॅन’ सिनेमातला खलनायक डॅरन क्रॉस याच कल्पनेच्या मागे लागतो आणि गांधीलमाशीसारखा काळा-पिवळा पोशाख चढवून यलोजॅकेट होतो. कॉमिक्समध्ये हे नाव १९६८ मध्ये आलं. तेव्हा ते घेणारा हँक पिम, म्हणजे मूळचा अँट-मॅनच होता.

आधी त्याचं वजन करू. पावणेदोन मीटर उंचीचा, ७० किलोचा माणूस सव्वा सेंटिमीटरचा झाला, तर उंची १४० पट घटली. रुंदी आणि जाडीही तशीच, म्हणजे आकारमान सुमारे २७ लाख पट कमी. अणू मात्र तेवढेच, त्यामुळे वजन ७० किलोच! सिनेमातला अँट-मॅन पंखवाल्या मुंगीवर स्वार होतो आणि ठोसा मारतो तो पुऱ्या माणसाच्या ताकदीचा. हे दोन्ही एकदम जमायचं नाही.

आता अणू. १९११ मध्ये रदरफोर्डने दाखवलं की अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं. कार्बनचं केंद्रक आपल्या चंदगडच्या काजूबीएवढं धरलं, तर सबंध अणू अर्ध्या किलोमीटरहून रुंद भरेल. मग एवढ्या जागेत दाबायला काय हरकत? हरकत इलेक्ट्रॉनांची. एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, हा नियम पाउलीने १९२५ मध्ये मांडला. म्हणून ती जागा मोकळी दिसली तरी अडवलेली असते. समुद्रात अकरा किलोमीटर खाली हवेच्या हजारपट दाब असतो, तरी तिथलं पाणी आक्रसतं जेमतेम पाच टक्के.

पण यलोजॅकेटइतका दाट पदार्थ विश्वात आहे. व्याधाच्या ताऱ्याला एक जोडीदार आहे. बेसेलने १८४४ मध्ये तो गणिताने ओळखला, १८६२ मध्ये तो दुर्बिणीतून दिसला. वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीहूनही किंचित लहान, घनता पाण्याच्या वीसेक लाख पट. हा श्वेत बटू. तिथे इलेक्ट्रॉन एकेका केंद्रकाला बांधलेले राहतच नाहीत. अणू म्हणावा असं काही उरत नाही, मग रक्त, हाडं, नजर कुठली? अशा ताऱ्याच्या वस्तुमानाला सूर्याच्या सुमारे १.४ पटींची मर्यादा आहे, हे चंद्रशेखरांनी तरुणपणीच काढलं. तिथून पुढची वाट कृष्णविवरांकडे जाते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ याच नावाची विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. ती मिळवून वाच.

आता सिनेमातली शेवटची लढाई आठव. यलोजॅकेटच्या टायटॅनियमच्या पोशाखात शिरायला अँट-मॅन रेणूंमधून जाईल इतका लहान होतो. पण तो स्वतः कशाचा बनलाय? अणूंचाच ना? मग त्याचे अणू कशाने लहान झाले, याचं उत्तर सिनेमा देत नाही.

आपल्या वळचणीला पोळं करणारी गांधीलमाशी लहान आहे, कारण तिच्यात अणूच कमी आहेत. एकेक अणू तुझ्या-माझ्यातल्याएवढाच. क्रॉसनेही अणू काढून टाकले असते तर? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, मुंगीच्या मेंदूत काही लाखच. तेवढ्यात त्याचा खलनायकी बेत मावला असता का, ते तू विचार करून कळव.

तुझा
मामा