साडेपाच किलोचं बॉनेट

खंडेनवमीला शेजारच्या दादाच्या गॅरेजात पान्हे, हातोड्या, जॅक असं सगळं पाटावर मांडलं जायचं आणि त्यात एक ताणकाटाही असायचा. रद्दीवाल्याकडे असतो तसला, हूकवाला. गाड्यांच्या गॅरेजात ताणकाटा कशाला, असं नवखा माणूस हमखास विचारायचा. दादा हळदकुंकू वाहता वाहता म्हणायचा, ‘‘यंदाचं मुख्य हत्यार तेच आहे.’’

दादाची एस्टीम १९९६ची, कार्ब्युरेटरवाली. १२९८ सीसीचं इंजिन, ६५ बीएचपी. आज हा आकडा ऐकून पोरं हसतील, पण त्या काळी एस्टीम म्हणजे रॅलीवाल्यांची लाडकी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही ती धावायची. १९९९ला कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय आलं आणि तेवढ्याच सीसीच्या इंजिनातून ८५ बीएचपी निघायला लागली, तेव्हा दादा चार दिवस कुणाशी बोलला नाही. नवं इंजिन परवडणार नव्हतं. मग तो वजनाच्या मागे लागला. गाडी नऊशे किलोच्या आतबाहेर. त्यातलं पन्नास किलो तरी उतरवायचं, असं ठरलं.

सुरुवात फुकटात झाली. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट काढलं. कार्पेटखाली पत्र्याचा आवाज दाबायला डांबराचे जाड थर चिकटवलेले असतात. उन्हाळ्यात ते च्युइंगगमसारखे चिवट, पण थंडीत कडक होऊन तडकतात. म्हणून डिसेंबरात पहाटे पाचला, कानटोप्या घालून, आम्ही छिन्नी-हातोडीनं ते उडवत बसायचो. वाड्यातल्या आजी वरून ओरडायच्या. निघालेला प्रत्येक तुकडा ताणकाट्याला लागायचा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहिला जायचा.

खरी मजा पुढे, पत्र्याच्या शोधात. पहिल्यांदा आपला पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे हॅण्डल, काचा, आरसे मिळायचे, पण मोठा माल हवा तर मुंबईच गाठायला लागायची. कुर्ल्याचा सीएसटी रोड म्हणजे मेलेल्या गाड्यांचं महानगर. बॉनेटं पुस्तकांसारखी उभी रचलेली, दारांच्या भिंती, बंपरांचे डोंगर. पहिल्या दिवशी मी नुसता तोंड उघडं टाकून फिरलो.

आम्हाला हवी होती मारुती १०००ची दारं. ही गाडी १९९०ची, एस्टीमची थोरली बहीण. दोघींचा सांगाडा एकच, त्यामुळे दार जसंच्या तसं बसतं. दादाच्या गाडीला पॉवर विंडो होत्या आणि जुन्या १०००ला काच दांडीनं फिरवायची. म्हणजे प्रत्येक दारातली मोटर आणि वायरिंग गेलं. दार निवडताना दादा खिशातून लोहचुंबक काढायचा. जिथे चुंबक घसरायचं तिथे आत लांबी भरलेली. लांबीचं वजन आपण कशाला न्यायचं?

तिथल्या एका चाचांना आमचं हे गणित काही केल्या पटेना. त्यांचा सगळा धंदा काट्यावर, जड माल तो चांगला माल. आम्ही चार दारं लटकवून त्यातलं सगळ्यात हलकं उचललं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘कम वजन का ज्यादा पैसा? बेटा, घर में सब ठीक है ना?’’ पण तिसऱ्या खेपेला त्यांनी आपणहून ताडपत्रीखालून एक बॉनेट काढलं. कुठल्याशा रेसच्या गाडीवरून उतरलेलं, फायबरचं, कडेला चिरलेलं. मी ते एका हातानं उचललं आणि दचकलोच. आमचं पत्र्याचं भरलं होतं साडेबारा किलो, हे साडेपाच. सात किलो, आणि तेही पुढच्या चाकांवरून. एस्टीमचा सगळा भार नाकावरच असतो, त्यामुळे हे सात किलो मागच्या वीस किलोंपेक्षा मोलाचे, असं दादाचं मत. मलाही ते पटतं. दारांबाबत मात्र माझं आजही वेगळं मत आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीची दारं पोकळ करू नयेत. रोल केज असेल तर गोष्ट निराळी.

वाशीच्या मार्केटात भाजी उतरवून रिकामा परतणारा मंचरचा टेम्पो आम्ही गाठला. कोथिंबिरीच्या काड्यांवर बॉनेट ठेवलं आणि ते हलू नये म्हणून मी पुण्यापर्यंत मागे बसून आलो. घरी आलो तर अंगाला आठवडाभर कोथिंबिरीचा वास.

चीर बुजवून, रंग देऊन ते दसऱ्याला गाडीवर चढलं. झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. पुढची चूक माझी. फायबरला मूळच्या लॅचचा भरवसा नसतो, दोन्ही कडांना पिना लावाव्या लागतात. त्या लावायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ‘उद्या लावू’ म्हणालो. कात्रजच्या घाटात बॉनेट फडकन उघडून काचेवर आदळलं. समोर काळोख. दादानं खिडकीतून मान बाहेर काढून गाडी कडेला घेतली. काच फुटली, आम्ही वाचलो. हार मात्र वायपरला तसाच अडकून राहिला होता. दादा खाली उतरला, पाच मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘बघ, किती हलकं आहे!’’

गाडी अजून त्याच्याकडे आहे. शेवटी एकेचाळीस किलोच उतरले, भिंतीवरचा खडू रंगकामात गेला. कुर्ल्याचे चाचा आता नाहीत, मुलगा मोबाइलवर फोटो पाठवतो. गेल्या पावसाळ्यात मागचं डावं दार खालून गंजून गेलं आणि तसं दार काही मिळेना. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, गॅरेजाच्या मागे मारुती १०००चं मागचं डावं दार पडलं असेल, दांडीनं काच फिरवायचं, तर कृपा करून किलोवर विकू नका. आम्ही येतो. ताणकाटा आमचा.