माघार

माघार हा शब्द आपल्या घरांतून फारशा मानानें उच्चारला जात नाहीं. टाकलेलें पाऊल मागें घेऊं नये, हेंच आपण लहानपणापासून ऐकत आलों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या कर्जतच्या घरीं या शिकवणीची कसोटी लागली, आणि ती लावली बुद्धिबळांतल्या घोड्यानें.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा इंजिनिअरिंगचें पहिलें वर्ष आटोपून घरीं आला, आणि आपण परत जाणार नाहीं, गणितच शिकणार, असें त्यानें सांगितलें. एकत्र कुटुंबांत असा निर्णय एकट्याचा राहत नाहीं. शिक्षणासाठीं बँकेचें कर्ज काढलें होतें. प्रवेश मिळाला तेव्हां सासूबाईंनीं खालापूर तालुक्यांतल्या महडास जाऊन वरदविनायकापुढें पेढे ठेवले होते. जो तो उपाय सुचवूं लागला : वसतिगृह बदल, शिकवणी लाव, एक सहामाही कळ काढ. मामंजींनीं रेल्वेंत गार्ड म्हणून सारी हयात घालविली. ते म्हणाले, "अर्धा घाट चढलेली गाडी कोणी कर्जतला परत उतरवीत नाहीं."

मुलगा त्या दिवसांत संगणकावर एक जुनें कोडें सोडवीत असे. रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवावयाचा, आणि अडीच घरांच्या चालीनें त्याला ६४ घरांतून फिरवावयाचें. कोणतेंहि घर वगळावयाचें नाहीं, कोणत्याहि घरीं दोनदां जावयाचें नाहीं. हें कोडें आपल्याला परकें नव्हे. ९ व्या शतकांतल्या रुद्रटाच्या 'काव्यालंकारां'त घोड्याच्या चालीनें वाचावयाचा श्लोकबंध आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त, १२ व्या शतकांत, ही फेरी येते. ज्या नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्यांतल्या न्यायालयांत वारसाहक्कासाठीं प्रमाण मानला जाई, ते मूळच्या पैठणच्या घराण्यांतले. त्यांनीं १७ व्या शतकांत काशीस लिहिलेल्या 'नीतिमयूखां'तहि घोड्याच्या फेऱ्या दिल्या आहेत. सुटल्या घरापासून एका चालीच्या अंतरावर येऊन संपणाऱ्या फेऱ्याच १३ लाख कोटींहून अधिक आहेत, अशी मोजणी १९९७ सालीं झाली. तरीहि त्यांतली एक हातानें शोधूं गेलें कीं पन्नासाव्या-पंचावन्नाव्या पावलाशीं घोडा अडतो.

यंत्राची रीत त्यानें मला समजावून सांगितली. घोड्यापुढें जास्तींत जास्त आठ वाटा. त्यांतली पहिली मोकळी वाट धरावयाची, घरांत अनुक्रमांक लिहावयाचा आणि पुढें जावयाचें. पुढें एकहि वाट उरली नाहीं, तर शेवटचा आंकडा पुसून एक घर मागें यावयाचें आणि तेथली न चाचपलेली वाट धरावयाची. तेथल्याहि संपल्या तर आणखी एक घर मागें. यंत्राला माघारीची लाज नाहीं आणि कंटाळाहि नाहीं. तरीहि त्याचा संगणक रात्रभर चालून सकाळीं उत्तराविनाच होता. "काकू, घोटाळा बहुधा दहाव्या पावलावर झालेला असतो," तो म्हणाला, "आणि हा बिचारा साठावें पाऊल पुसतो, पुन्हां लिहितो, पुन्हां पुसतो. वसतिगृह बदल, शिकवणी लाव, हें सारें साठावें पाऊल आहे."

बोलणें मला झोंबलें, कारण तें खरें होतें. पण कोड्याला दुसरीहि बाजू होती, ती मीं त्याच्यापुढें ठेवली. यंत्र थकलें म्हणून मागें येत नाहीं. त्या घरच्या साऱ्या वाटा पाहून झाल्यावरच येतें. "तुझ्या किती पाहून झाल्या?" मीं विचारलें. तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कागदावर २५ घरांचा लहान पट आंखला. कोपऱ्यालगतच्या घरांतून निघून तो पुरा फिरतां येईल का? यंत्रानें सारे मार्ग तपासून 'नाहीं' असें उत्तर दिलें. तेंच उत्तर कागदावर क्षणांत मिळतें. घोडा प्रत्येक चालीस रंग बदलतो. पंचवीसांत कोपऱ्याच्या रंगाचीं घरें १३, दुसऱ्या रंगाचीं १२. फेरींत सुरुवातीचा रंग १३ वेळां लागतो; म्हणून बारांच्या रंगावरून निघालेल्या घोड्याची फेरी कधींच पुरी होत नाहीं. "मी अशाच घरांतून निघालों कीं काय, एवढेंच मला ठरवावयाचें आहे," तो म्हणाला. मग त्यानें वर्षाचे विषय लिहून काढले : कोणता आवडला नाहीं, कोणता जमला नाहीं आणि कोणता मनापासून केलाच नाहीं. शेवटच्या रकान्यांत दोन विषय निघाले. त्यांचीं पुस्तकें घेऊन तो महिनाभर बसला. दोन्ही जमले, आवड मात्र उपजली नाहीं.

तो कागद त्यानें मामंजींपुढें ठेवला. त्यांनीं तो सावकाश वाचला आणि वडिलांकडून ऐकलेली बोरघाटाची हकीकत सांगितली. १८६३ सालीं घाटांतून गाडी सुरू झाली तेव्हां खंडाळ्याच्या अलीकडे एके ठिकाणीं रुळांना वळण देण्यास जागाच नव्हती. गाडी सरळ टोकाशीं जाऊन थांबे. इंजिन दुसऱ्या बाजूस लागे आणि शेपटाचें तोंड करून गाडी पुढचा चढ चढे. १९२९ पर्यंत हें रिव्हर्सिंग स्टेशन चालू होतें. "तोंड फिरलें, पण मिळविलेली उंची गेली नाहीं," ते म्हणाले. "तुझी किती उंची राहते, तेवढें सांग." वर्षाचें गणित राहील आणि हें संगणकाचें काम राहील, असें त्यानें सांगितलें. कर्जहि राहील, अशी त्याच्या वडिलांनीं भर घातली.

यंदा तो गणितासाठीं पुन्हां पहिल्या वर्षाला बसला आहे. कर्जाचे हप्ते दोघां भावांनीं वांटून घेतले. कोडेंहि सुटलें. ज्या घरापासून पुढच्या वाटा सर्वांत कमी, तेथें घोड्यानें आधीं जावें, असा नियम वॉर्न्सडॉर्फ नांवाच्या जर्मन गृहस्थानें १८२३ सालीं सांगितला होता. तो पाळला कीं बहुधा एकहि आंकडा पुसावा लागत नाहीं. माणसाच्या आयुष्यांत मात्र पुढच्या वाटा अशा आधीं मोजतां येत नाहींत. तेथें केव्हां तरी आंकडा पुसावाच लागतो.

पुसलेला आंकडा पटावर दिसत नाहीं, पण ती वाट बंद आहे हें ज्ञान उरतें. ज्या घरांत आज कोणी असा मागें वळूं पाहत असेल, तेथल्या वडीलधाऱ्यांनीं त्याला दोनच प्रश्न विचारावे : साऱ्या वाटा पाहिल्यास का, आणि किती उंची हातीं राहते? उत्तरें नीट आलीं, तर रागावण्यास कारण उरत नाहीं.