पीक नव्हे, पिक!

दोस्तांनो, आमच्या रावेरात ‘पीक’ म्हटलं की केळीच! गिटारची ‘पिक’ मात्र तारा छेडायची छोटीशी तिकोनी चकती. अर्ध्या मिलिमीटरची पातळ पिक लवते. गाण्याला साथ करायला छान, आवाज हलका. मिलिमीटरभर जाडीची लवत नाही; एकेक सूर ठसठशीत उमटतो. मला मधली, पाऊण मिलिमीटरची भावते.

आपल्या वाद्यांचंही तसंच. सतारीला पोलादी तारेची नखी, सरोदाला करवंटीचा जवा!

पिक तारेत अडकते, मनगट अवघडतं, मग पोरं म्हणतात, ‘मला जमणारच नाही.’ थांबा! दोन-तीन जाडीच्या पिक आणा, सैल धरा, डोळे मिटून ऐका. हाताला अन् कानाला रुचेल तीच तुमची!