किलोमीटरमागे अडीच मीटर

चेन्नईहून बंगळूरूकडे जाणाऱ्या महामार्गालगत, श्रीपेरुंबुदूरजवळ, इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो उभारण्यापूर्वी शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. येथे खास शर्यतीच्या गाड्यांबरोबर साध्या नंबरप्लेटच्या गाड्याही उतरतात. आठवडाभर मालकाला कचेरीत नेणारी गाडी रविवारी घड्याळाशी झुंजते. शर्यतीची गाडी ट्रकवर चढून परत जाते. हिला मात्र त्याच चाकांवर घरी जायचे असते. तिची सारी अडचण येथूनच सुरू होते.

१,२०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय दाब असल्यास तो पेलण्यासाठी सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते, म्हणजे बोटांसह एक तळहात. वेग, ब्रेक आणि वळण हे सारे या चार तळहातांवर चालते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तिच्यासोबत बाहेरचे चाकही कलते आणि तळहात कडेवर उभा राहू लागतो. म्हणून ट्रॅकसाठी चाकाचा माथा आधीच आत झुकवतात. याला ऋण कॅम्बर म्हणतात. रस्त्यावर साधारण अर्धा ते एक अंश पुरतो. ट्रॅकवर अडीच-तीन अंशही देतात.

टायरची आतली कड झिजली की दोष या कॅम्बरवर टाकला जातो. तो पुरता निर्दोष नाही, पण मोठा वाटा बहुधा ‘टो’चा असतो. वरून पाहिल्यास चाके पुढच्या टोकाला एकमेकांकडे वळली असतील तर टो-इन, दूर वळली असतील तर टो-आउट. १५ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत गाडीच्या मध्यरेषेपासून केवळ एक मिलिमीटरचा फरक असला, तर कोन होतो ०.१५ अंश. एवढासा कोनही चाकाला दर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवे घासत नेतो. रोज ४० किलोमीटर कामावर जाऊन-येऊन हे घासणे शंभर मीटरवर जाते. शिवाय सस्पेन्शनचा वरचा टेकू सरकवून कॅम्बर बदलला की स्टिअरिंगच्या दांड्याची लांबी तीच राहते, त्यामुळे टो आपोआप बिघडतो. शनिवारी रात्री फक्त कॅम्बर बदलून झोपी जाणाऱ्याचे टायर येथे संपतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणून पट्टीने मोजले तरी हा एक मिलिमीटर सापडतो. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही.

काही जण ट्रॅकवर पुढच्या चाकांना मुद्दाम किंचित टो-आउट देतात. गाडी वळणात चटकन शिरते. तीच गाडी महामार्गावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमागे भरकटते आणि चालक तासभर स्टिअरिंगशी भांडत राहतो.

चेन्नईचा उकाडाही हिशेबात धरावा लागतो. सकाळी ३० अंश सेल्सिअसला २८ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांपर्यंत तापला की दाब ३५ च्या आसपास जातो. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही मांडू शकेल, फक्त वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवायला आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नये. फेऱ्या संपताच टायरचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजतात. मध्य अधिक तापला असेल तर दाब जास्त. आतली कड फारच तापली असेल तर कॅम्बर जास्त.

ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पाऊस मात्र सवलत देत नाही. पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा आतल्या कडेवर गुळगुळीत झालेल्या असतात आणि उभ्याने पाहणाऱ्याला बाहेरची कड नवीकोरी दिसते. साचलेल्या पाण्यावर असा टायर लवकर तरंगू लागतो, आणि तेव्हा ब्रेकही निरुपयोगी ठरतो. रोजच्या वापराच्या गाडीला दीडेक अंश ऋण कॅम्बर, पुढे जवळपास शून्य टो आणि मागे किंचित टो-इन एवढ्यावर भागवणे शहाणपणाचे. ट्रॅकवर दोन-तीन सेकंद जातील. पावसाळ्यापूर्वी स्टिअरिंग पूर्ण वळवून, टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवायला अर्धे मिनिट लागते.