क्लचची केबल आणि तेल

निर्मळ, तालुका वसई

चि. सुहास यास,

तुझे पत्र पावले. मोटरसायकलच्या क्लचची केबल काढून तेथे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसविण्याची तुझी तजवीज समजली. विरार फाट्यापासून वसई फाट्यापर्यंतच्या कोंडीत डाव्या मनगटास लागणारी कळ तिने थांबेल काय, असे तू विचारतोस. खर्चाचा हा विषय असल्याने उत्तर सविस्तर देतो.

केबल म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, वेटोळ्या आवरणातून सरकणारा. आवरणाच्या प्रत्येक वळणावर हा पीळ भिंतीवर दाबला जातो आणि वळणागणिक घर्षण जणू गुणाकाराने वाढत जाते. त्यातून आपला मुलूख असा, की पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस खाडी आणि मध्ये मिठागरे. पावसाळ्यात ही खारट ओल आवरणाच्या वरच्या तोंडातून आत उतरते. लिव्हरमधून केबलचे टोक म्हणजे निपल सोडवून पाहा: शेजारची एखादी तार तुटून काट्यासारखी उभी राहिलेली आणि तिच्या बुडाशी तांबूस पूड जमलेली दिसली, तर तुझ्या मनगटाच्या तक्रारीचा मोठा भाग तेथेच आहे असे समज.

तेलाचा गुण पास्कलने सांगितला व त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला: कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. म्हणून नळी कितीही वळली तरी वळणांपायी दाब घटत नाही. परंतु येथे एक मोह आवरावा लागतो. हँडलवरील मास्टर सिलिंडरचा व्यास 12 मिमी आणि इंजिनाजवळील स्लेव्ह सिलिंडरचा 24 मिमी घेतला, तर क्षेत्रफळ चौपट होऊन जोरही चौपट मिळतो. मात्र वरचा दट्ट्या 12 मिमी सरकला असता खालचा अवघा 3 मिमी सरकतो. केबल ज्यास ओढते त्या इंजिनावरील क्लचच्या आर्मास जर त्याहून अधिक ओढ लागत असेल, तर प्लेटी पुऱ्या सुटणार नाहीत, सिग्नलपाशी न्यूट्रल सापडणार नाही आणि प्लेटी घासून जळतील. म्हणून सिलिंडर घेण्यापूर्वी आर्माची ओढ व्हर्नियरने मोजावी.

तेलाचा खरा लाभ मला निराळाच वाटतो. प्लेटी झिजू लागल्या की केबलचा ताण वारंवार जुळवावा लागतो. तेलाच्या यंत्रणेत लिव्हर सोडल्यावर मास्टर सिलिंडरवरील तेलाच्या टाकीकडील बारीक छिद्र उघडे राहते आणि कमीजास्त तेल आपोआप आतबाहेर होऊन झिजेचा हिशेब चुकता होतो. मात्र लिव्हरास किंचित मोकळीक हवीच. ती नसल्यास ते छिद्र बंद राहते, इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगते आणि हात न लावताही क्लच अर्धवट दाबला जाऊन घसरू लागतो.

तेल कोणते, हे मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते व तो मजकूर हुकूम मानावा. डॉट 4 आणि खनिज तेल यांची अदलाबदल केल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट 4 हवेतील बाष्प शोषून घेते, रंगावर सांडल्यास रंग उचलते. आपल्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावे. हवेचा बुडबुडा दाबला जातो आणि जोर गिळतो, म्हणून पिचकारीने खालून तेल चढवून हवा वर टाकीत काढावी. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. नळी कोठेही ताणता कामा नये.

आता माझे मत. क्लचच्या स्प्रिंगा आहेत तितक्याच ताठ राहतील. तेल केवळ केबलचे घर्षण वाचवील. ते किती आहे हे ताणकाट्याने कळते. एकदा लिव्हरच्या टोकाशी ओढून पाहा आणि एकदा केबल सोडवून थेट आर्माशी; लिव्हरच्या लांबीचे प्रमाण धरून दोन्ही आकडे ताडून पाहिले की वाटेत किती जोर हरवतो ते उघड होईल. तफावत थोडी असेल, तर नवी केबल आणून, तिला तेल पाजून, मोठ्या वळणाने बसव आणि पैसे राख. तफावत मोठी असेल तर नवी केबल घालून पुन्हा मोज. तरीही हटली नाही तर तेलाची यंत्रणा अवश्य बसव, पण इंजिनाच्या कवचास छिद्र न पाडता, जुनी केबल केव्हाही परत लावता येईल अशा बेताने. हे दोन आकडे आणि आर्माची ओढ मला कळव. यंत्रणा बसवायची ठरली तर स्लेव्ह सिलिंडरसाठी मापाचा ब्रॅकेट आपण गोखिवऱ्यास लेथवर करून घेऊ.



तुझा,
मामा