आमांची चूल

पन्नाशी उलटल्यावर परक्या घरी मुक्काम करणे सोपे नसते. आपली उशी, सकाळच्या चहाची वेळ, रात्री अंधारात न्हाणीघरापर्यंत जाण्याची पायाखालची वाट, या सगळ्यांची शरीराला सवय झालेली असते. वाचकहो, आपल्यापैकी कोणी मुलाकडे पुण्या-मुंबईत, तर कोणी मुलीकडे परदेशात सहा-सहा महिने राहून आले असतील; त्यांना हे सांगायला नको. मला हा अनुभव नेपाळमध्ये आला. तेथील एका मिशन रुग्णालयाच्या सेवाकार्यासाठी मी काही वर्षांपूर्वी सहा आठवडे गेलो होतो आणि राहण्याची सोय एका कुटुंबात झाली होती. त्या घराने मला जे शिकवले, ते वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल, असे वाटते म्हणून हे लिहीत आहे.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तेथून सुनौलीची सीमा ओलांडून बुटवल आणि बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्गाने सुमारे ४० किलोमीटरचा घाट चढला की पाल्पा जिल्ह्यातील तानसेन लागते. साधारण आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवरचे हे डोंगरउतारावरील गाव. बाजारातले दगडी रस्ते इतके चढाचे की पहिल्या आठवड्यात माझे गुडघे रोज संध्याकाळी तक्रार करीत. ढाका कापडाच्या टोप्या आणि ‘करुवा’ नावाचा तोटीचा धातूचा तांब्या यांसाठी पाल्पा प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात पहाटे खालचे माडी खोरे धुक्याने काठोकाठ भरते आणि वरून पाहताना पांढरे तळे पसरल्यासारखे दिसते. ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या संस्थेचे आरोग्यकार्य या गावात १९५४ पासून चालत आले आहे.

माझे यजमानघर बाजाराच्या खाली, तांबड्या मातीने सारवलेले, कौलाखाली मक्याची कणसे टांगलेले होते. घरात सत्तरीच्या आमा, त्यांची सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा कामासाठी कतारला. नेपाळच्या डोंगराळ भागात अशी घरे जागोजागी आढळतात. कर्ते पुरुष आखातात किंवा भारतात आणि घर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या व सुना. शेजारचे एक गृहस्थ पुण्यातील एका सोसायटीत अनेक वर्षे रखवालदार होते. सगळे त्यांना ‘दाजू’ म्हणजे थोरला भाऊ म्हणत. पहिल्याच संध्याकाळी अंगणात येऊन त्यांनी विचारले, “जेवलात का, डॉक्टर?” परमुलखात ते तीन शब्द ऐकून मला किती बरे वाटले, हे कसे सांगू! तेव्हापासून तेच माझे दुभाषे झाले.

नेपाळी भाषेची लिपी आपलीच, म्हणून दुकानांच्या पाट्या वाचता येत. कानांना मात्र वेळ लागला. “सन्चै हुनुहुन्छ?” म्हणजे “आपली प्रकृती ठीक ना?” हा तेथला रोजचा कुशलप्रश्न. तो मी दिवसभर रुग्णांना विचारी आणि संध्याकाळी आमा मला विचारीत. जेवण दोनदा, सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री सातच्या आत-बाहेर. भात, डाळ, भाजी, कधी आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे ‘गुन्द्रुक’. आमा ताटावर वाकून “भात थपूँ?” असे विचारीत, म्हणजे आणखी वाढू का? त्यावर “पुग्यो”, म्हणजे “पुरे”, हे उत्तर मी लवकर शिकलो. पण ते दोनदा म्हटल्याशिवाय खरे मानत नसत.

जे मला दिसले नाही

मी पाहुणा, त्यातही डॉक्टर. माझे ताट बाहेरच्या ओसरीवर येई आणि माझ्यासाठीचा चहा गॅसवर होई. स्वयंपाकघराच्या आत मी जावे, असे कोणाला वाटले नाही आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. रात्री भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येई. थंडीचे दिवस आहेत, असे मी स्वतःला सांगत असे.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पाऊस आला. ओसरीवर पाणी शिंपडू लागले, म्हणून सुनेने मला आत बोलावले. आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले. लहानशी खोली, थंडीमुळे लावून घेतलेले दार, पेंढ्याने बुजवलेली खिडकी आणि मधोमध पेटलेली चूल. त्या चुलीवर आधी माणसांचे अन्न होई आणि मग म्हशीसाठी ‘कुँडो’ तासभर शिजत राही. आमा चुलीपासून हातभर अंतरावर बसलेल्या. बोलताना त्यांचे वाक्य पूर्ण होत नव्हते. चार शब्द, मग श्वास, मग पुढचे चार. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, पण ती जपून वापरायची. नेपाळमध्ये गॅस भारतातूनच येतो आणि २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक अडल्यावर सिलिंडरसाठी झालेले हाल ते घर विसरले नव्हते.

नातीने सहज सांगितले की आजी भिंतीला टेकून, बसूनच झोपते. मला लाज वाटली. दिवसभर अनोळखी माणसांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या मला, ज्या घराचे अन्न खात होतो त्या घरातला दम कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमांना रुग्णालयात नेले. बसून झोपावे लागणे हे हृदयाच्या दुर्बलतेचेही लक्षण असू शकते, म्हणून हृदयाचा आलेख काढला, ऑक्सिजन मोजला, फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी केली. दोष फुप्फुसांच्या वाहिन्यांत होता. आमांनी जन्मात विडी ओढलेली नव्हती. लाकडाच्या धुरापुढे मात्र लहानपणापासून बसत आल्या होत्या. हा आजार, सीओपीडी, केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नाही. घरातील चुलीच्या व इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

उपचार आणि चूक

औषध ठरले आणि त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांसमोर निकाल दिला, “उद्यापासून आमांनी चुलीजवळ जायचे नाही.” सुनेने मान डोलावली. नातीने आजीला ओसरीवर बाजेवर बसवले, पायांवर पांघरूण घातले. आपले कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात मी झोपलो.

पुढचे तीन दिवस आमा बाजेवर बसून होत्या. खोकला किंचित कमी झाला, पण जेवण निम्म्यावर आले. माझ्या ताटापाशी त्या आल्या नाहीत, “भात थपूँ?” हे शब्द घरातून नाहीसे झाले. चौथ्या दिवशी मी दाजूंना मध्ये घातले. आमा त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. दाजूंनी मला मराठीत सांगितले, “त्या म्हणतात, या घरात इतके दिवस एक पाहुणा होता. आता दोन झाले.”

वाचकहो, हे ऐकल्यावर मला माझी आई आठवली. तिचा तोल जाऊन ती पडली, तेव्हा मीच तिला स्वयंपाकघरातून उठवले होते. हाड मोडले नव्हते, फक्त मला भीती वाटली होती. त्यानंतर ती दूरदर्शनसमोर बसू लागली आणि हळूहळू कमी बोलू लागली. ते वयोमानामुळे, असे मी गृहीत धरले होते. रुग्णाच्या नातेवाइकांना हेच कारण मी किती सहज सांगत आलो!

मग आम्ही सगळे त्या स्वयंपाकघरात बसलो. या वेळी मी विचारत होतो आणि आमा सांगत होत्या. स्वयंपाकातले काय सोडता येईल आणि काय नाही? म्हशीचे कुँडो शिजवणे त्यांना कधीच आवडत नव्हते. ती चूल गोठ्यालगत उघड्यावर गेली आणि ते काम सुनेकडे. भात-डाळ कुकरमध्ये, गॅसवर. त्यासाठी सिलिंडर थोडा लवकर संपला तरी चालेल, असे कतारहून मुलानेच फोनवर सांगितले. खिडकीतला पेंढा काढला. आणि डाळीला फोडणी देणे आमांकडेच राहिले. तुपात ‘जिम्बु’ नावाची वाळवलेली पात टाकतात. लसूण आणि कांदा यांच्या मधला तिचा वास. ती करपण्याच्या आधी नेमकी केव्हा डाळ ओतायची, हे त्या घरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. भाजी चिरायला त्या दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसू लागल्या.

आमांचे फुप्फुस पूर्ववत झाले नाही. या आजारात झालेले नुकसान भरून येत नाही. पण निघण्यापूर्वीच्या आठवड्यात त्या एका दमात पूर्ण वाक्य बोलत होत्या, आणि बहुतेक वेळा ते वाक्य माझ्या ताटात भात वाढण्याविषयीचे असे.

आपल्या घरासाठी

या अनुभवातून काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

घरातील वडीलधारी व्यक्ती दोन-तीन उशा घेऊन किंवा बसून झोपू लागली, जिना चढताना मध्येच थांबू लागली, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका; हृदय आणि फुप्फुसे दोन्ही तपासून घ्या. ओठ निळसर होणे, वाक्य पूर्ण न करता येणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता, ही लक्षणे दिसल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठा.

धूर केवळ चुलीचा नसतो. बंद खोलीतील उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि न्हाणीचा बंब हेही दम्याच्या व सीओपीडीच्या रुग्णाला त्रास देतात. देवपूजा थांबवू नका. खिडकी उघडा, उदबत्तीऐवजी फूल वाहा.

इन्हेलर दिला म्हणजे औषध पोचले असे नाही. आमा पहिल्या दिवशी तो उघड्या तोंडात फवारून गिळत होत्या. काळजी घेणाऱ्याने एकदा समोर बसून पाहावे. फवाऱ्याचा इन्हेलर आधी हलवायचा, शक्यतो स्पेसर नावाच्या नळकांड्याला जोडायचा, श्वास बाहेर सोडून ओठ घट्ट मिटायचे, एक फवारा, मग सावकाश खोल श्वास आणि जमेल तितके, दहापर्यंत अंक मोजत, रोखून धरायचे. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकून टाकायची. रोज घ्यायचे औषध बरे वाटले म्हणून बंद करू नये.

आणि शेवटची गोष्ट. सुरक्षिततेसाठी वृद्धांचे एखादे काम काढून घेण्याआधी त्या कामातला त्यांचा जीव कशात आहे, हे त्यांनाच विचारा. गच्चीचा जिना धोक्याचा असेल तर तुळस खाली आणता येते. उभे राहवत नसेल तर निवडणे-सोलणे बसून करता येते. ज्येष्ठ वाचकांनाही विनंती आहे: मुलाच्या घरी असाल, तर नुसते गप्प बसू नका. कोणते काम सोडायला तयार आहात आणि कोणते आपल्याकडे हवे, ते स्पष्ट सांगा. घरच्यांना मनातले कळत नाही. मला तर डॉक्टर असूनही कळले नव्हते.

निघताना आमांनी माझ्या कपाळाला टिळा लावला आणि कागदाच्या पुडीत जिम्बु बांधून दिले. घरी आल्यावर मी ओट्याशी आईसाठी हाताची पक्की खुर्ची ठेवली आणि ती पुडी तिच्या हाती दिली. तिने उघडून वास घेतला, “हे गवत कसले आणलेस?” असे विचारले आणि कढले मागितले. त्या दिवशीच्या वरणाला तिनेच फोडणी दिली. चव घेऊन म्हणाली, “बरे आहे. पण मीठ कमी पडले. तुझ्या बायकोला सांगू नकोस.”